इचेनकाठचे एडवर्ड ग्रे

इंग्लंडचे परराष्ट्रमंत्री सर एडवर्ड ग्रे यांचे नाव आपणांस इतिहासात भेटते, ते पहिल्या महायुद्धाच्या प्रकरणी. 1905 च्या डिसेंबरपासून 1916 च्या डिसेंबरपर्यंत ते त्या पदावर होते. आम्ही मात्र येथे त्यांस एका नदीच्या काठी भेटणार आहोत.

1862 मध्ये जन्मलेल्या ग्रे यांना अभ्यासातील आळसापायी 1884 मध्ये ऑक्सफर्डहून घरी धाडण्यात आले होते. (1928 मध्ये ते त्याच विद्यापीठाचे कुलपती झाले, विद्यार्थ्यांनी यातून सोयीचा अर्थ काढू नये!) 1885 मध्ये ते पार्लमेंटात निवडून आले व त्याच वर्षी विवाहबद्ध झाले. लंडनची गजबज पतिपत्नींना मानवेना. म्हणून 1890 मध्ये त्यांनी हॅम्पशर परगण्यात इचेन नदीकाठी एक साधीशी कुटी उभारली. शनिवारी पहाटेची आगगाडी धरून दोघे तेथे जात आणि कोणता पक्षी आला, कोणते फूल उमलले, याची नोंद एका वहीत ठेवीत. आपल्या ओढ्याकाठी सूर मारणारा लहान निळा खंड्या इचेनवरही असतो. जात अगदी तीच.

मंत्रिपद मिळून दोनच महिने झाले होते. 1906 च्या फेब्रुवारीत घोडागाडीच्या अपघातात पत्नी डोरोथी निवर्तल्या. वहीतील नोंदी त्याआधीच, 1905 मध्ये, थांबल्या आहेत. ग्रे एकटेच कुटीत जात राहिले.

1910 च्या जूनमध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट इंग्लंडात आले. इंग्लंडच्या पक्ष्यांची गाणी जाणत्याच्या सोबतीने ऐकावी, ही त्यांची इच्छा. 9 जून रोजी ग्रे त्यांना इचेनच्या खोऱ्यात घेऊन गेले. बरोबर ना पहारेकरी, ना वार्ताहर! एके ठिकाणी पायवाट पाण्याखाली गेलेली. तरी दोघे थोर पुरुष गुडघाभर पाण्यातून सरळ पुढे चालले. ग्रे नुसत्या आवाजावरून पक्ष्याचे नाव सांगत. रूझवेल्ट एकदा ऐकलेले गाणे विसरत नसत, याचे ग्रे यांना फार कौतुक वाटले. त्या दिवशी सुमारे 40 जातींचे पक्षी त्यांनी पाहिले वा ऐकले. राजकारणाहून हाच दिवस आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. इतिहासकार सहमत होणार नाहीत.

ग्रे यांची दृष्टी मंदावत होती. पुढे वाचता येणार नाही, असे वैद्यांनी 1914 मध्येच सांगितले होते. अखेर ते बोटांनी ब्रेल लिपी वाचू लागले. 1923 मध्ये इचेनकाठची कुटीही जळून गेली. परंतु नदीकाठी तयार झालेला कान शाबूत होता. 1927 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पक्ष्यांवरील ग्रंथात कोणता पक्षी कोणत्या महिन्यात कसा गातो, याचेच वर्णन अधिक आहे. नॉर्थंबरलंडमधील फॅलोडन येथील त्यांच्या बागेत रॉबिन पक्षी त्यांच्या हातावर बसून किडे टिपीत. डोळ्यांना नीट न दिसणारा तो इवलासा पक्षी त्यांना तळहातावर जाणवत असे. तेथेच 7 सप्टेंबर 1933 रोजी ते वारले.