रेम्ब्रांटची धार्मिक मुद्राचित्रे : समाज आणि चरित्र

रेम्ब्रांट व्हान राइन याचा जन्म १६०६ साली लायडन येथे एका गिरणीवाल्याच्या घरी झाला. वडील कॅल्व्हिनपंथीय चर्चचे, तर आईचे माहेर कॅथलिक. पंथभेदाची ओळख त्याला अशी घरातच झाली. १५६६ च्या मूर्तिभंजनानंतर नेदरलँड्समधील प्रतिमापूजेला ओहोटी लागली होती. पुढे डच प्रजासत्ताकात कॅल्व्हिनपंथाला अधिकृत स्थान मिळाले आणि चर्चच्या वेदीसाठी चित्रे करवून घेण्याची प्रथा जवळजवळ संपली. धर्मचित्राला आता घरात आणि संग्राहकाच्या दालनात आश्रय शोधावा लागला.

अम्लरेखनाचे तंत्र या परिस्थितीला अनुकूल होते. ताम्रपटावरील मेणाच्या लेपात सुईने रेखाटन करून पट आम्लात ठेवला की रेषा कोरल्या जात व एकाच पटावरून अनेक ठसे निघत. असा ठसा कोणत्याही पंथाचा ग्राहक घेऊ शके. ॲमस्टरडॅममधील रेम्ब्रांटचा संबंधही एकाच पंथाशी नव्हता. त्याचा आरंभीचा व्यवसायबंधू अइलेनबर्ख मेनोनाइट होता. ज्यू पंडित मनासे बेन इस्रायल याच्या ग्रंथासाठी त्याने १६५५ मध्ये चार चित्रे कोरली. सुमारे १६४८ च्या ‘शंभर गिल्डर’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या चित्रात मत्तयाच्या एकोणिसाव्या अध्यायातील रोगी, बालके, परूशी आणि श्रीमंत तरुण एकाच प्रकाशाभोवती जमले आहेत.

१६५४ हे वर्ष विशेष विचारार्ह ठरते. पत्नी सास्किया हिच्या मृत्युपत्रातील अटीमुळे पुनर्विवाह आर्थिकदृष्ट्या अवघड होता. हेन्ड्रिक्ये स्टोफेल्स त्याच्या घरी विवाहाविना राहत होती. ती गरोदर असताना चर्चच्या मंडळाने तिला बोलावून प्रभुभोजनास येण्याची बंदी घातली. रेम्ब्रांटला अशी शिक्षा झाली नाही, यावरून तो त्या चर्चचा पूर्ण सभासद नसावा, असा तर्क केला जातो. ऑक्टोबरमध्ये कन्या कॉर्नेलियाचा बाप्तिस्मा झाला. त्याच वर्षी त्याने येशूच्या बालपणाची छोटी अम्लरेखने केली. त्यांतील एकात मरिया साध्या खोलीत जमिनीवर बसून बाळाला कवटाळते. जवळ मांजर, पायाशी साप, आणि योसेफ खिडकीबाहेरून पाहतो. चरित्र आणि चित्र यांची सरळ सांगड घालणे धाडसाचे होईल. तथापि ज्या घराला चर्चने पापाचे ठरवले, त्याच घरात ही पवित्र माता घडत होती, हे विसरता येत नाही.

१६५६ मध्ये तो दिवाळखोर झाला. त्याच वर्षीच्या ‘अब्राहाम आणि देवदूत’ या अम्लरेखनातील बैठक मोगल लघुचित्रावरून घेतलेली आहे. वृक्षाखाली बसलेल्या चार वृद्धांच्या त्या लघुचित्राची त्याने स्वतः रेखाटलेली प्रत उपलब्ध आहे. १६६९ मध्ये त्याचे निधन झाले. दहा वर्षांनी मुद्राचित्रविक्रेता क्लेमेंट द योंगे याच्या मालमत्तेच्या यादीत त्याचे ७४ ताम्रपट नोंदले गेले.