विश्लेषण : मनातले चित्र सर्वांनाच दिसते? फ्रान्सिस गाल्टन यांनी काय शोधले?

डोळे मिटून आज सकाळचा नाश्ता आठवा. बशी, चहाचा कप, त्यांचे रंग दिसले का? काहींना सारे लख्ख दिसते, काहींना काहीच नाही. हा फरक प्रथम पद्धतशीर मोजला ब्रिटिश संशोधक फ्रान्सिस गाल्टन यांनी.

गाल्टन कोण होते?

बर्मिंगहॅमजवळ १६ फेब्रुवारी १८२२ रोजी जन्म. चार्ल्स डार्विन यांचे ते सावत्र आतेभाऊ. वैद्यकाचा अभ्यास सोडून त्यांनी आजच्या नामिबियात भ्रमंती केली. मोजण्याचा त्यांना ध्यासच होता. १८७५ मध्ये ‘टाइम्स’मध्ये त्यांचा हवामान नकाशा छापून आला, तर १८९२ मध्ये बोटांच्या ठशांवरील ग्रंथ.

नाश्त्याच्या टेबलाचा प्रश्न काय होता?

मनातले चित्र किती उजळ, रेखीव आणि रंगीत आहे, अशी प्रश्नावली त्यांनी परिचितांना पाठवली. डार्विन यांनीही ती भरून दिली. काही शास्त्रज्ञांना तर असे चित्र असते हेच पटेना. ती केवळ बोलण्याची रीत, असे त्यांना वाटे. हे निष्कर्ष १८८० मध्ये प्रसिद्ध झाले. अमूर्त विचारांच्या सवयीने चित्रे पुसट होतात, हा गाल्टन यांचा तर्क मात्र पुढे वादात सापडला.

आजचे विज्ञान काय सांगते?

पाहताना संकेत डोळ्यांकडून मेंदूच्या मागील दृष्टिकेंद्राकडे जातात. कल्पना करताना बहुतांशी उलटा प्रवास होतो. स्मृती आणि विचारांशी निगडित भाग दृष्टिकेंद्राला जागे करतात. ही साखळी सर्वांत सारखी नसते. चित्र न दिसण्याला ॲडम झेमन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ‘अफँटेशिया’ हे नाव दिले. ढोबळ अंदाजाने शंभरात एक ते चार जण असे असतात. तो आजार मानला जात नाही. त्यातील अनेकांना स्वप्ने मात्र दिसतात.

वारसा वादग्रस्त का?

मनातल्या चित्रांची चर्चा असलेल्या १८८३ च्या ग्रंथातच गाल्टन यांनी ‘युजेनिक्स’ हा शब्द घडवला. ‘चांगल्या’ वंशाची वाढ व्हावी, हा त्यामागचा विचार. १७ जानेवारी १९११ रोजी त्यांचे निधन झाले. पण या विचाराच्या आधारे अमेरिकेत आणि नाझी जर्मनीत लाखोंवर नसबंदी लादली गेली. २०२० मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनने व्याख्यानगृहाला दिलेले त्यांचे नाव काढले.

माणसांची मने वेगळी असतात, हे गाल्टन यांनी आकड्यांनी दाखवले. त्या वेगळेपणाची उतरंड लावण्याची किंमत मात्र इतरांनी मोजली.