जेम्स पार्किन्सन : पावले वाचणारा वैद्य

कंपवाताला ज्यांचे नाव मिळाले ते जेम्स पार्किन्सन ११ एप्रिल १७५५ रोजी लंडनच्या हॉक्स्टन भागात जन्मले. वडिलांचाच वैद्यकीचा व्यवसाय त्यांनी पत्करला आणि त्याच वस्तीत आयुष्य काढले. स्वभाव मात्र चौकटीबाहेरचा. गोरगरिबांची बाजू घेऊन त्यांनी टोपणनावाने पत्रके लिहिली. राजा तिसऱ्या जॉर्जच्या खुनाच्या कथित कटासंबंधी १७९४ साली त्यांना प्रिव्ही कौन्सिलपुढे साक्ष द्यावी लागली. जीवाश्मांवर त्यांनी तीन खंडांचा ग्रंथ लिहिला.

त्यांना अमर केले ते १८१७ सालच्या एका लहानशा निबंधाने. त्यात अवघे सहा रुग्ण आहेत. त्यांपैकी दोघे त्यांना रस्त्यात सहज भेटलेले, आणि एक तर केवळ दुरून पाहिलेला! हिंदमाता ते परळ ही गर्दीची वाट तुडवताना वाकलेली, आखूड पावलांची किती माणसे आपल्या शेजारून जातात. आपण त्यांच्याकडे पाहतो का?

दुरून पाहिलेला तो पाचवा रुग्ण मला विसरता येत नाही. त्याला चालायला सुरुवातच करता येत नसे. सेवक समोर उभा राहून त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवी. रुग्ण हळूहळू मागेपुढे झुले, तोल सापडला की इशारा देई आणि धावत सुटे. वीसेक पावलांवर सेवक त्याला सावरी. पार्किन्सननी हे सारे टिपले. पण उपाय सुचवला तो मानेतून रक्त काढण्याचा. त्या झुलण्यातच काही उपाय असेल, हे त्यांच्या ध्यानी आले नाही. २१ डिसेंबर १८२४ रोजी ते वारले. रोगाला त्यांचे नाव पुढे पॅरिसच्या शार्को यांनी दिले.

माझे आजोबा याच आजाराने उंबरठ्यापाशी खिळून राहत. वडील समोर उभे राहून लेझमीचे आकडे म्हणू लागले की त्यांचे पाऊल उचले. याचे कारण मला पुढे वाचनातून कळले. मेंदूत डोपामिन कमी पडले की आपल्या आपण हालचाल सुरू करणे कठीण होते. बाहेरून ताल मिळाला तर ती पुष्कळदा सुरू होते.

याच तत्त्वावर २००१ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने पार्किन्सनच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग सुरू केले. आपल्या पुण्यातही नर्तक हृषीकेश पवार यांनी असे वर्ग चालवले. खुर्चीत बसून हात फिरवणे, मग उभे राहून वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणे, मग जोडीदारासह चालणे, असा त्यांचा क्रम असतो. नृत्याने रोग बरा होत नाही, औषधेही सुटत नाहीत. पण चाल आणि तोल सुधारायला मदत होते, आणि लाजेने घरात बसलेला माणूस चार माणसांत येतो.

आपल्यापैकी कितीतरी जण तबला वाजवतात, लेझीम खेळतात. रविवारी महाविद्यालयाचे सभागृह रिकामेच असते. जाणत्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली तेथे आठवड्याला एक तास असा वर्ग भरवायला काय हरकत आहे?