किअर हार्डी : खाणकामगारांचा कैवारी

थोर पुरुषाचे चरित्र त्याच्या कुलवृत्तान्ताने सुरू करण्याचा प्रघात आहे. ब्रिटिश मजूर पक्षाचे एक संस्थापक जेम्स किअर हार्डी यांच्या बाबतीत हा कुलवृत्तान्त फार लवकर आटोपतो. स्कॉटलंडच्या लॅनार्कशर परगण्यात १५ ऑगस्ट १८५६ रोजी मेरी किअर या अविवाहित मोलकरणीच्या पोटी त्यांचा जन्म झाला. पुढे डेव्हिड हार्डी नावाच्या जहाजी सुताराशी मेरीचा विवाह झाला आणि मुलाला सावत्र पित्याचे आडनाव मिळाले. वारसा म्हणून त्यापलीकडे दारिद्र्यच होते.

वयाच्या आठव्या वर्षाच्या आतबाहेरच त्यांची मजुरी सुरू झाली. ग्लासगोत ते एका पाववाल्याकडे निरोप्या होते. सावत्र वडील बेकार, आई गरोदर आणि धाकटा भाऊ मरणासन्न, अशा स्थितीत त्यांना कामावर दोनदा उशीर झाला. तेवढ्यावरून नोकरी गेली आणि साचलेली मजुरीही बुडाली. १८४२ च्या कायद्याने दहा वर्षांखालील मुलांना खाणीत उतरविण्यास मनाई केली होती. दहावे वर्ष गाठताच हार्डी खाणीत उतरले. हवा खेळती राहावी म्हणून भुयारात बसविलेले दार कोळशाच्या गाडीसाठी उघडायचे आणि पुन्हा मिटायचे, हे त्यांचे पहिले काम. आईने त्यांना वाचावयास शिकविले होते. लेखन ते रात्रशाळेत शिकले. दिव्याच्या काजळीने काळ्या केलेल्या दगडावर टाचणीने आकृत्या रेखीत त्यांनी खाणीतच लघुलिपीही आत्मसात केली.

ज्याला लिहिता-बोलता येते त्याच्याकडे सोबत्यांचे गाऱ्हाणे येणारच. १८७९ मध्ये कामगारांनी त्यांना आपला प्रतिनिधी निवडले. मालकांनी त्यांचे नाव काळ्या यादीत टाकले आणि कोळसा खणण्याचे काम कायमचे बंद झाले. १८८० चा लॅनार्कशरमधील संप फसला. तो चालू असता हार्डी व त्यांची पत्नी लिली यांनी आपल्या घरी संपकऱ्यांसाठी अन्नछत्र उघडले होते. पुढे ते एअरशरमधील कम्नॉक येथे स्थायिक झाले आणि १८८६ मध्ये तेथील खाणकामगार संघटनेचे चिटणीस बनले.

कामगारांनी उदारमतवादी पक्षावर विसंबून राहू नये, असे त्यांचे मत आता दृढ झाले होते. १८८८ च्या मिड-लॅनार्क पोटनिवडणुकीत त्यांना अवघी ६१७ मते पडली. मात्र १८९२ मध्ये ते लंडनच्या वेस्ट हॅम साउथमधून निवडून आले. उंच रेशमी टोपीची प्रथा झुगारून साध्या कपड्यांत त्यांनी संसदेत प्रवेश केला. पुढच्याच वर्षी ब्रॅडफर्ड येथे स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना झाली.

२३ जून १८९४ रोजी वेल्समधील अल्बियन खाणीत स्फोट होऊन २९० माणसे मृत्युमुखी पडली. त्याच दिवशी राजघराण्यात पुत्रजन्म झाला. कॉमन्स सभागृहात अभिनंदनाचा ठराव आला, तेव्हा मृतांच्या कुटुंबीयांविषयी दुःखाचे दोन शब्द त्यात घालावेत, अशी हार्डी यांची मागणी होती. ती नाकारली गेली. संतप्त सभागृहासमोर ते एकटे उभे राहिले आणि त्यांनी राजेपदाच्या वंशपरंपरेवरच आघात केला. १८९५ मध्ये त्यांची जागा गेली.

१९०० मध्ये मर्थर टिडफिल या वेल्समधील कोळसाक्षेत्राने त्यांना पुन्हा संसदेत पाठविले. १९०६ मध्ये मजूर पक्षाचे २९ सभासद निवडून आले आणि हार्डी त्यांचे पहिले अध्यक्ष झाले. ज्या आठ तासांच्या दिवसासाठी त्यांनी वर्षानुवर्षे झगडा केला, त्याचा खाणकामगारांपुरता कायदा १९०८ मध्ये झाला. तत्पूर्वी १९०७ मध्ये ते भारतात आले होते. वंगभंगविरोधी चळवळीच्या ऐन भरात त्यांनी भारतीयांच्या स्वराज्याच्या मागणीला पाठिंबा दिला, त्यामुळे इंग्लंडमधील अनेक वृत्तपत्रे त्यांच्यावर तुटून पडली.

त्यांची कठोर परीक्षा मात्र स्वकीयांनीच घेतली. युद्ध पुकारले गेल्यास सर्व देशांच्या कामगारांनी एकाच वेळी काम थांबवावे, असा प्रस्ताव त्यांनी १९१० मध्ये कोपनहेगनच्या समाजवादी परिषदेत मांडला होता. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटताच वेल्समधील खाणकामगार सैन्यात भरती होऊ लागले. ॲबरडेअर हे गाव हार्डी यांच्याच मतदारसंघातले. तेथील सभेत त्यांना बोलू दिले गेले नाही. २६ सप्टेंबर १९१५ रोजी ग्लासगो येथे त्यांचे निधन झाले. रिकाम्या झालेल्या जागेवर त्या नोव्हेंबरात युद्धाचा कट्टर पुरस्कर्ता असलेला चार्ल्स स्टँटन निवडून आला. तोही खाणकामगारांचाच पुढारी होता.

हार्डी यांचा वारसा त्या दिवशी संपला असे वाटावे, अशी ही घटना. परंतु १९२२ मध्ये ॲबरडेअरने याच स्टँटनचा पराभव करून मजूर पक्षाचा उमेदवार निवडला. हार्डी यांचे जामात एमरिस ह्यूज यांनी संसदेत युद्धविरोधाची त्यांची भूमिका पुढे चालविली आणि त्यांचे चरित्रही लिहिले. १ जानेवारी १९४७ रोजी ब्रिटनमधील कोळसाखाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. डिसेंबर २०१५ मध्ये, हार्डी यांच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली असता, त्या देशातील अखेरची खोल कोळसाखाण बंद पडली. दहा वर्षांच्या मुलाने जेथे अंधारात दार उघडले आणि मिटले, ती भुयारे आता निर्मनुष्य आहेत. भूगर्भातल्या मृत्यूची दखल संसदेने घेतलीच पाहिजे, हा त्यांचा आग्रह मात्र जेथे जेथे खाणी चालू आहेत तेथे आजही लागू आहे.