स्टीफन हिस्लॉप

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म १८१७ साली स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. १८४५ मध्ये ते धर्मप्रसारक म्हणून नागपुरास आले. तेथे त्यांनी शाळा काढली. पुढे त्यांना गोंड लोकांच्या भाषेचे कुतूहल वाटू लागले. परंतु आधारास घ्यावा असा ग्रंथ कोठला? मग गोंडांची पिढीजात गाणी ज्यांना मुखोद्गत असतात, ते परधानच त्यांच्या गुरुस्थानी झाले. एका परधानाने सांगितलेले लिंगोचे प्रदीर्घ गीत मूळ गोंडीतच लिहून घेण्यात आले. गोंडी, कोलामी इत्यादी बोलींतील नित्याचे शब्दही हिस्लॉपांनी शेजारी शेजारी मांडले. असे शब्द ताडून पाहिले की भाषांचे नाते उमगते. गोंडी ही तेलुगू व तमिळ यांची आप्त आहे, मराठीची नव्हे!

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून ते एकटेच घोड्यावरून परतत होते. वाटेत नाल्याला पूर आला होता. त्यात बुडून त्यांचा अंत झाला. लेखन अपुरेच राहिले. ते विखुरलेले कागद रिचर्ड टेंपल यांनी जुळविले आणि १८६६ साली लिंगोच्या गीतासह छापून प्रसिद्ध केले.