शिंप्याचं पोर आणि तुमचा इक्वलायझर

तुमच्या वर्गात एक तरी बीट बनवणारा असतोच. लॅपटॉपवर एफएल स्टुडिओ किंवा एबलटन, कानात हेडफोन, आणि गावच्या यात्रेत रेकॉर्ड केलेली हलगी. तिच्याखाली किक टाकायची, वर सिंथचा सूर चढवायचा आणि शनिवारपर्यंत ट्रॅक ग्रुपवर टाकायचा. तो मित्र म्हणजे तुम्ही स्वतःच असाल तर मग उत्तमच. कारण आजची गोष्ट थेट तुमच्या स्क्रीनवरची आहे.

इक्वलायझर उघडला की मागे एक आलेख नाचताना दिसतो. डावीकडे खोल बेस, उजवीकडे झांजेची चमक. रेकॉर्डिंगमध्ये हूंऽऽ अशी घरघर येत असेल, तर या आलेखात ५० हर्ट्झवर एक टोक उभं दिसतं. ती आपल्याकडच्या विजेची वारंवारता. घरघर अनेकदा तिच्या पटीतही सापडते, म्हणजे १००, १५० वगैरे. तुम्ही नेमकं ते टोक खाली ओढता, घरघर जाते आणि हलगी बरीचशी शाबूत राहते. आता जरा थांबून विचार करा. मायकने तर सगळे आवाज एकाच तारेत कोंबून दिले होते. मग ही हलगी आणि ही वीज, असं वेगळं काढता येतं तरी कसं?

या प्रश्नामागे एक माणूस उभा आहे. इंजिनिअरिंगची पोरं त्याचं नाव घेऊन कपाळाला हात लावतात. फोरिअर! पण गणितातला फोरिअर आणि जगलेला फोरिअर यांत फार फरक आहे. गणित पेपरात येतं, त्याची गोष्ट येत नाही. ती इथे वाचा.

मेणबत्तीची थोटकं

जोसेफ फोरिअर २१ मार्च १७६८ रोजी फ्रान्समधल्या ओसेर या गावी जन्मला. वडील शिंपी, घरात पोरांचं लेंढार. दहा वर्षांचा होईपर्यंत आई गेली, वडीलही गेले. पोर हुशार म्हणून ओळखीच्या लोकांनी त्याला गावातल्या लष्करी शाळेत घातलं. ती शाळा धर्मगुरू चालवायचे. तिथे त्याला गणिताचं वेड लागलं. सांगतात, की दिवसभर तो मेणबत्त्यांची उरलेली थोटकं गोळा करायचा आणि रात्री सगळे झोपले की त्या उजेडात गणितं सोडवत बसायचा. लोडशेडिंगमध्ये अभ्यास केलेल्यांना हे वेगळं समजवायची गरज नाही.

त्याला तोफखान्यात अधिकारी व्हायचं होतं. अर्ज नामंजूर झाला. मार्क कमी पडले नव्हते, पण तो उमराव घराण्यातला नव्हता. शिंप्याच्या पोराला तोफखान्यात जागा नाही, विषय संपला. मग तो मठात गेला, साधू व्हायला. शपथ घ्यायची वेळ आली आणि तेवढ्यात १७८९ उजाडलं. फ्रान्समध्ये क्रांती पेटली. फोरिअर शपथ न घेताच गावी परतला आणि आपल्याच जुन्या शाळेत शिकवू लागला.

ज्या व्यवस्थेने जन्म बघून दार लावलं, ती व्यवस्था कोसळताना बघून कोण गप्प बसेल? तोही क्रांतीच्या स्थानिक समितीत शिरला. पण लवकरच क्रांती आपल्याच माणसांची मुंडकी उडवू लागली. फोरिअरने काही जणांची बाजू घेतली आणि त्यापायी १७९४ मध्ये तो स्वतःच तुरुंगात गेला. गिलोटिन डोक्यावर लटकत होतं. जुलैमध्ये रोबेस्पिएर पडला, त्याचंच मुंडकं उडालं आणि फोरिअर सुटला. वय वर्षं २६. काही महिन्यांचा फरक पडला असता, तर तुमच्या इक्वलायझरचं गणित कुणा दुसऱ्याच्या नावावर असतं, किंवा कित्येक वर्षं कुणाच्याच नावावर नसतं.

इजिप्त, नेपोलियन आणि लोखंडी कडं

पुढे तो पॅरिसला शिकायला गेला. शिकवायला कोण, तर लाग्रांज, लाप्लास, मोंज. त्या काळातले गणिताचे बाप लोक. थोड्याच वर्षांत लाग्रांजच्याच जागेवर तो प्राध्यापक झाला. १७९८ मध्ये नेपोलियन इजिप्तवर चालून गेला तेव्हा सोबत शास्त्रज्ञांचा ताफाही नेला. त्यात फोरिअर होता. कैरोत स्थापन झालेल्या संस्थेचा तो सचिव झाला. १८०१ मध्ये परतला, तर नेपोलियनने त्याला ग्रनोबल इथे प्रीफेक्ट नेमलं. आपल्या भाषेत कलेक्टर म्हणा ना! पॅरिसपासून लांब, आल्प्सच्या कुशीत.

कलेक्टरची कामं काय असतात ते तुम्हाला माहीत आहे. रस्ता, पाणी, तंटे. त्याने मोठी दलदल उपसून जमीन मोकळी केली, इटलीतल्या तुरीनकडे जाणाऱ्या रस्त्याचं काम केलं. आणि या सगळ्या फायलींमधून वेळ काढून तो एका वेगळ्याच प्रश्नामागे लागला, तो म्हणजे उष्णता पसरते कशी?

त्याने लोखंडाचं एक कडं घेतलं. एक भाग तापवला आणि ठिकठिकाणी थर्मामीटर लावून तापमान कसं पसरतं ते मोजलं. सुरुवातीला अर्धं कडं धगधगतं, अर्धं गार. मध्ये एकदम कडा. हळूहळू ती कडा गुळगुळीत होत जाते आणि शेवटी कड्याभोवती तापमान एका संथ लाटेसारखं चढतं-उतरतं. फोरिअरला उलगडलं ते असं, की सुरुवातीचा तो खडबडीत आकारसुद्धा पुष्कळशा साध्या, गोल लाटांची बेरीज म्हणून लिहिता येतो. एक मोठी लाट, तिच्या दुप्पट वेगाची छोटी, तिप्पट वेगाची आणखी छोटी. प्रत्येक लाट किती घ्यायची, हे काढायची रीतही त्याने दिली.

इथे गायन-वादनवाल्यांनी कान टवकारावेत. सतारीची तार छेडली की मुख्य सुरासोबत दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे सूरही वाजत असतात. तारेची हालचाल अशा साध्या लाटांची बेरीज असते, असं डॅनिएल बर्नुली हा गणिती आधीच म्हणाला होता. पण तेव्हाच्या दिग्गजांनी ते मानलं नव्हतं. त्या न मानणाऱ्यांत तरुण लाग्रांजही होता.

ज्या गुरूची जागा घेतली, त्यानेच अडवलं

२१ डिसेंबर १८०७. फोरिअरने आपला निबंध पॅरिसच्या विद्वानांपुढे ठेवला. तपासायला कोण, तर त्याचेच गुरू. लाग्रांज अडून बसला. गुळगुळीत लाटांच्या बेरजेतून तुटक, टोकदार आकार कसा निघेल? गोल गोल रेषा कितीही जोडल्या तरी काटकोन कसा होईल? शंका वेडगळ नव्हती. तुम्हाला-मलाही तसंच वाटलं असतं. निबंध छापला गेला नाही.

चार वर्षांनी याच विषयावर बक्षीस जाहीर झालं. फोरिअरने निबंध सुधारून पाठवला आणि बक्षीस जिंकला. पण परीक्षकांनी सोबत शेरा मारला, की मांडणी पुरेशी काटेकोर नाही. बक्षीस मिळालं, छपाई नाही. म्हणजे पास तर केलं, पण निकाल बोर्डावर लावला नाही!

त्यात राजकारण आलं. १८१५ मध्ये कैदेतून निसटलेला नेपोलियन नेमका ग्रनोबलच्या वाटेने आला. फोरिअर राजाच्या बाजूने बोलून शहरातून बाहेर पडला. चिडलेल्या नेपोलियनने नंतर समजूत काढून त्याला दुसऱ्या जिल्ह्यावर नेमलं. तिथले हुकूम पटेनात म्हणून त्याने ते पद सोडलं. पुढे नेपोलियन हरला, राजा परत आला, आणि फोरिअर दोन्हीकडून गेला. पेन्शन नाही, पद नाही. एका जुन्या विद्यार्थ्याने पॅरिसच्या आकडेवारी कार्यालयात नोकरी दिली म्हणून चूल पेटली. १८१६ मध्ये विज्ञान अकादमीने त्याला निवडलं, तर राजाने नाव नामंजूर केलं. पुढच्या वर्षी पुन्हा निवडलं, तेव्हा कुठे तो आत गेला.

अखेर १८२२ मध्ये त्याचं उष्णतेवरचं पुस्तक आलं. पहिल्या निबंधानंतर १५ वर्षांनी. त्याच वर्षी तो अकादमीचा स्थायी सचिव झाला आणि मग त्याने आपला तो शेरा मारलेला निबंध होता तसाच अकादमीतर्फे छापून घेतला. हट्ट म्हणा, हिशेब म्हणा. लाग्रांज मात्र १८१३ मध्येच गेला होता. आणि एक सांगायलाच हवं, काटेकोरपणाबद्दलची त्याची शंका अगदी खोटी नव्हती. ही बेरीज नक्की केव्हा जुळते, याची भक्कम सिद्धता १८२९ मध्ये डिरिश्ले नावाच्या तरुणाने दिली. कल्पना बरोबर असणं आणि ती सिद्ध झालेली असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

टेबलावर राहिलेला कागद

सचिव झाल्यावर फोरिअरने सोफी जर्मां या गणितज्ञ बाईंना अकादमीच्या बैठकांना बसता यावं म्हणून प्रयत्न केले आणि ते जमवलं. १८२४ मध्ये त्याने पृथ्वीच्या तापमानावर लिहिलं. वातावरण उष्णता अडवून धरतं, ही आज ग्रीनहाऊस म्हणून आपण शिकतो ती कल्पना तिथे आहे.

पण त्याच्या आयुष्यातला शेवटचा प्रसंग मनाला टोचतो. १८३० च्या सुरुवातीला गाल्वा नावाच्या १८ वर्षांच्या पोराने बक्षिसासाठी निबंध पाठवला. सचिव म्हणून फोरिअरने तो वाचायला घरी नेला. इजिप्तहून आल्यापासून फोरिअरला सतत थंडी वाजायची, उन्हाळ्यातही तो कपड्यांत गुंडाळून उबदार खोलीत बसायचा, असं सांगतात. तब्येत ढासळलीच होती. मे महिन्यात तो जिन्यात पडला आणि १६ मे १८३० रोजी गेला. गाल्वाचा निबंध पुन्हा कधी सापडलाच नाही. दोन वर्षांनी गाल्वाही द्वंद्वात मेला. आज त्याच्या नावाने गणिताची एक अख्खी शाखा चालते. ज्याचा कागद १५ वर्षं अडला, त्याच्याच घरात दुसऱ्या पोराचा कागद हरवला. यात खलनायक कुणी नाही, म्हणूनच ते जास्त लागतं.

खोडदच्या तबकड्या आणि तुमचा लॅपटॉप

फोरिअरने संगीतासाठी यातलं काहीच केलं नव्हतं. ते काम पुढच्यांनी केलं. ओहमने १८४३ मध्ये सांगितलं, की आपला कानही आवाजाची अशीच फोड करतो. होय, रेझिस्टन्सवाला तोच ओहम. हेल्महोल्ट्झने १८६३ मध्ये त्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. बासरी आणि हार्मोनियमवर तोच सा लावला तरी वेगळा का वाटतो, तर त्यातल्या लाटांचं प्रमाण वेगळं म्हणून. आपल्याकडे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये दाखवलं, की साध्या चामड्याच्या वाद्यात वरचे सूर पटीत बसत नाहीत, पण तबला-मृदंगावरची शाई ते पटीत आणते. म्हणून तबला सुरात लागतो.

१९५७ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये मॅक्स मॅथ्यूज यांनी कॉम्प्युटरकडून १७ सेकंदांचं संगीत वाजवून घेतलं. पण आवाजाची फोड करायला गणितं फार लागायची. १०२४ आकड्यांच्या तुकड्याला साध्या रीतीने सुमारे साडेदहा लाख गुणाकार. १९६५ मध्ये कूली आणि ट्युकी यांनी जी जलद रीत मांडली, तिच्यात तेच काम दहा हजारांच्या आसपास पायऱ्यांत होतं. हीच ती एफएफटी. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० आकडे. एफएफटी नसती तर इक्वलायझरमागचा आलेख असा नाचताना दिसला नसता. नॉइज काढणं, सूर न बदलता गाण्याचा वेग वाढवणं, मोबाईलमधली एमपीथ्री, या सगळ्यांत याच फोडीची कुठली ना कुठली तऱ्हा आहे. १९९७ मध्ये बेल्जियममध्ये फ्रुटीलूप्स आलं, तेच आजचं एफएल स्टुडिओ. २००१ मध्ये बर्लिनमधून एबलटन लाइव्ह.

आणि लांब कशाला जाता? पारनेरच्या शेजारी, जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशातल्या रेडिओ लहरी ऐकतात. तिथेही आलेल्या लहरींची आधी फोरिअरच्या रीतीने फोड होते, मगच त्यांची जुळणी. म्हणजे तुमच्या खोलीतली हलगी आणि दूरच्या आकाशगंगेतून आलेली लहर, दोघींना लावलेलं गणित एकच. पुढच्या वेळी आळेफाट्यावरून नारायणगावला जाल तेव्हा वाकडी वाट करून बघा.

आज रात्री एवढं करा

आपल्या पारनेरचे सेनापती बापट पॅरिसला गेले, ते बॉम्बची विद्या शिकायला. पॅरिसमध्ये पुरलेल्या या माणसाची विद्या शिकायला मात्र कुठे जावं लागत नाही. सॉफ्टवेअर उघडा. १०० हर्ट्झची एक साधी साइन लाट घ्या. तिच्यात ३०० हर्ट्झची लाट एक तृतीयांश जोराने मिसळा. मग ५०० ची एक पंचमांश, ७०० ची एक सप्तमांश, ९०० ची एक नवमांश. सगळ्या एकाच क्षणी सुरू झाल्या पाहिजेत, एवढं जपा. आवाज कमी ठेवा आणि ऐकत ऐकत लाटेचा आकार बघा. प्रत्येक भर पडताना गोल लाट चपटी होत जाईल, बाजू उभ्या होत जातील, आणि बासरीसारखा मऊ आवाज जुन्या व्हिडिओ गेमसारखा खरखरीत होईल. तुमच्या सिंथमध्ये स्क्वेअर नावाचं जे बटण आहे, त्यातला आवाज तो हाच.

लाग्रांजला जे पटलं नव्हतं, ते तुम्हाला पाच ट्रॅकमध्ये ऐकू येईल.