चिकातली साखर शोधणारा किरचॉफ

उन्हाळ्यात कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालतात. तो वाटून, गाळून, निवळला की तळाशी पांढरा चीक बसतो. हा चीक म्हणजे मुख्यतः गव्हातले पिष्ट, म्हणजेच स्टार्च. चवीला तो गोड नसतो. पण त्यापासून साखर करता येते, हे गॉटलीब किरचॉफ यांनी दाखवले. (विद्युतमंडलाच्या नियमांचे किरचॉफ वेगळे.)

त्यांचा जन्म १७६४ मध्ये जर्मनीतल्या टेटेरो गावी झाला. औषधनिर्मिती शिकून १७९२ मध्ये ते रशियात गेले आणि सेंट पीटर्सबर्गच्या शाही औषधशाळेत काम करू लागले. तिथे ते डिंकाला स्वस्त पर्याय शोधत होते. १८११ मध्ये त्यांनी पाण्यात कालवलेले पिष्ट थोडे सल्फ्युरिक आम्ल घालून उकळले. घट्ट खळ पातळ झाली आणि उकळत राहिल्यावर गोड पाक तयार झाला. आम्ल मात्र होते तेवढेच उरले! नेपोलियनच्या काळातल्या नाकेबंदीमुळे युरोपात उसाची साखर दुर्मिळ झाली होती, त्यामुळे या शोधाचे मोठे स्वागत झाले. १८१२ मध्ये त्यांना तिथल्या विज्ञान अकादमीचे सदस्यत्व मिळाले.

पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची लांबच लांब माळ. ती अर्धवट तुटली की डेक्स्ट्रिन बनते, पूर्ण तुटली की ग्लुकोज. पुढे किरचॉफ यांनी आम्लाऐवजी गव्हातले ग्लुटेन आणि मोड आणून वाळवलेले धान्य वापरूनही पिष्टाची साखर केली. हे काम धान्यातली विकरे करत होती. १८३३ मध्ये किरचॉफ वारले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये पायाँ आणि पर्सो यांनी असे विकर वेगळे काढून त्याला डायास्टेज हे नाव दिले.

हा इतिहास मला बाह्यरुग्ण विभागात रोज आठवतो. नवी मुंबईतले माझे मधुमेही रुग्ण ‘साखर घातलेली नाही’ असे छापलेले पुडे विश्वासाने दाखवतात. घटकांच्या यादीत मात्र माल्टोडेक्स्ट्रिन असते. ते म्हणजे तोडलेले पिष्टच. जिभेला ते फारसे गोड लागत नाही, पण आतड्यात त्याचे झटपट ग्लुकोज होते आणि रक्तातली साखर वेगाने चढते.

म्हणून पुडा घेताना केवळ साखरेचा आकडा पाहू नका. एकूण कर्बोदके किती, तेही वाचा. चवीला गोड नसलेल्या पिष्टाची साखर होते, हे किरचॉफ यांनी दोनशे वर्षांपूर्वीच दाखवून ठेवले आहे.